उपयोग असेल तरच किंमत?

स्यूडोजीन म्हणजे छद्मजनुक: दिसायला जनुकासारखे, पण बिघाडांमुळे ज्यातून धड प्रथिन बनत नाही असे. जनुकांच्या माहितीवर काम करताना बरीच वर्षे मी त्यांना अडगळच मानत आले. खऱ्या जनुकाशी साम्य असल्याने ती तपासणीत घुसतात आणि निकाल गढूळ करतात, म्हणून गाळून टाकायची. न वाचताच गाळण्याला मी काटेकोरपणा म्हणत होते. तो आळस होता.

या समजुतीला तडा गेला तो इंटरल्युकिन-9च्या रिसेप्टरमुळे. टी-पेशींनी सोडलेला हा संदेश मास्ट पेशींसारख्या पेशी ज्या रिसेप्टरने टिपतात, त्याचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या लांब भुजेच्या टोकाशी असते. 1995मध्ये त्याची जागा प्रसिद्ध झाली, तेव्हा सोबत त्याची चार छद्मरूपेही नोंदली गेली: गुणसूत्र 9च्या लांब भुजेवर आणि 10, 16, 18च्या आखूड भुजांवर. मी ती यादी वाचत होते ती गाळण्यासाठीच. पण जागा एकेक करून पाहिल्या आणि थबकले. सगळ्या टोकांवरच्या! गुणसूत्रांच्या टोकांजवळचे तुकडे नक्कल होऊन दुसऱ्या गुणसूत्रांच्या टोकांवर जाऊन बसतात. गावोगाव पांगलेल्या भाऊबंदांवरून घराण्याची वाटचाल कळावी, तसा त्या मोडक्या प्रतींवरून या देवघेवीचा माग लागत होता. तो मी स्वतःच्या हाताने पुसत आले होते.

तरीही मी पुरती बदलले नव्हते. 2010मध्ये पीटेन या कर्करोगरोधक जनुकाच्या छद्मजनुकाला काम असल्याचे दिसले: त्याचा आरएनए मायक्रोआरएनएंना स्वतःकडे गुंतवतो आणि मूळ जनुकावरचा त्यांचा दाब कमी होतो. मग मी प्रत्येक छद्मजनुकात दडलेले काम शोधू लागले. नवा उत्साह होता, पण पूर्वग्रह जुनाच. उपयोग सिद्ध झाला तरच मान द्यायचा, ही अट मी सोडलीच नव्हती.

आज मला वाटते, काही छद्मजनुकांना काम असेल, पुष्कळांना नसेलही. इंटरल्युकिन-9च्या रिसेप्टरची ती चार छद्मरूपे कशाच्याही कामी येत नसली, तरी त्यांचा नकाशा हवाच. त्यांना ओळखल्याशिवाय खरे जनुक बिनचूक वाचता येत नाही, आणि आपली गुणसूत्रे कशी घडत गेली याची साक्ष त्यांच्याजवळ आहे. ती ऐकण्यासाठी त्यांनी आधी उपयोगी ठरावे, असा हट्ट मी आता धरत नाही.