हुबळीतला एक रविवार

हुबळीच्या विद्यानगरात 1957 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जुने लोक त्याला अजून 'केएमसी'च म्हणतात. गदग, हावेरी, कोप्पळहून पेशंट बसने इथे येतात.

नीटची तयारी करणारी माझी भाची सुट्टीत पुण्याहून आली, तेव्हा तिला शहरातल्या एका मोफत शिबिरात मदतीला नेलं. काम मिळालं केसपेपरवर नाव-वय लिहायचं. एका आजींना वाचता येत नव्हतं, भाचीला कन्नड. तिने गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढले. 'ऊट आद मेले', म्हणजे जेवणानंतर, हे आजींनीच तिला शिकवलं.

नीटच्या 720 गुणांत हे धरत नाहीत. तरी डॉक्टर व्हायचं ठरवण्याआधी मुलांनी असा एक रविवार जरूर द्यावा.