नीट सांगितलं का मी?

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडे इटलीत, तोरीनोला (आपलं ट्यूरिन हो!) दोन महिने राहिलो होतो. तिथे ह्यांना जोरदार सर्दी झाली. लेक ऑफिसात, म्हणून मीच कोपऱ्यावरच्या हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाई भराभरा काहीतरी विचारत होत्या. जन्मभर मुलांना शिकवलेलं, त्यामुळे 'समजलं नाही' म्हणायची लाज वाटली. मान डोलावत "सी, सी" (हो, हो) म्हटलं आणि डबी घेऊन घरी आले.

लेकीने डबी पाहिली नि विचारलं, "आई, बाबांना रक्तदाब आहे हे सांगितलंस ना?" सर्दीच्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो. बाई बहुतेक तेच विचारत होत्या! गोळी अजून दिली नव्हती, नशीब.

रात्री लेकीने माझी शिकवणी घेतली. नुसतं "के?" म्हणायचं नाही, ते आपल्या "काय?"सारखं अंगावर येतं. "कोमे, स्कूझी?" म्हणायचं. शब्द अडला तर "कोझा वुओल दीरे?" म्हणजे शब्दशः, 'ह्याला काय म्हणायचंय?' आणि मोठं वाक्य, "स्कूझी, नोन ओ कापीतो. पोत्रेब्बे रिपेतेरे, पेर फावोरे?" माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगू शकाल का?

मैत्रिणीला 'स्कूझा', परक्या माणसाला 'स्कूझी'. परक्याला आदराने म्हणायचं 'लेई', ज्याचा एरवीचा अर्थ 'ती', पुरुषालाही तेच! १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने हे 'लेई' बंद करून 'वोई' म्हणायला लावलं होतं. युद्धानंतर 'लेई' परत आलं. आपल्याकडे 'कृपया' पाट्यांवरच जास्त. बोलताना आपलं सगळं सौजन्य "जरा परत सांगता का?" मधल्या 'जरा'त आणि 'सांगता का'त मावतं.

दुसऱ्या दिवशी वाक्य घोकत पुन्हा दुकानात गेले. बाईंनी न कंटाळता सावकाश सांगितलं. मी "प्रेस्योने आल्ता" (रक्तदाब जास्त) म्हणताच त्यांनी दुसरं औषध काढलं, जेवणानंतर घ्यायचं हे डबीवर लिहून दिलं आणि शेवटी विचारलं, "मि सोनो स्प्येगाता?"

घरी येऊन लेकीला अर्थ विचारला. म्हणाली, "मी नीट समजावून सांगितलं का? इथे असंच विचारतात. बाई असेल तर स्प्येगाता, पुरुष असेल तर स्प्येगातो."

मी गप्पच झाले. नाशिकला ३१ वर्षं वर्गात मी एकच प्रश्न विचारत आले, "समजलं का?" आणि साठ मुलं एका सुरात, "होऽऽ!" एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "नाही, बाई." मी म्हटलं, "लक्ष कुठे होतं?" वर्ग हसला. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. बाकीच्यांनीही नाही. त्यांचं ते "होऽऽ" आणि माझं "सी, सी" एकाच जातीचं होतं, हे कळायला मला तोरीनोचं औषधाचं दुकान लागलं.

आता नात मला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकवते. "कळलं ना, आजी?" मी सरळ सांगते, "नाही गं, जरा सावकाश परत सांग." ती सांगते, हसत नाही.

त्या मुलाला मात्र आता कुठे गाठू? असो.