‘चाय’ म्हणजे चहा नव्हे!

“अहो, सासूबाईंना घेऊन व्हिएतनामला? तिथं त्या खाणार काय?” शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, “दशम्या आणि मेतकूट!” आमच्या सासूबाई माळकरी. एकादशी कधी चुकायची नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी मात्र वेंगुर्ल्याची. लग्नाला बारा वर्षं झाली, मासळी सुटली ती सुटलीच. कुणी सोडायला लावली असं नाही. पण एका घरात दोन चुली कशा मांडायच्या?

तर २०२४ च्या मे महिन्यात हे, मी, आमचा छोटू आणि आई असे चौघं होई आनला पोचलो. दा नांग शहरापासून तीसेक किलोमीटरवरचं हे नदीकाठचं जुनं बंदर. युनेस्कोने १९९९ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. पण मैत्रिणींनो, तिथल्या पिवळ्या भिंती नि रंगीत कंदील तुम्ही चित्रांत पाहिलेच असतील. मला सांगायचंय ते बाजाराचं.

बाजार भल्या पहाटे भरतो. डोक्यावर पानांच्या शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बायका भाजीचे ढीग मांडून बसलेल्या. आईंना दुसरं काही दिसण्याआधी दिसली ती खांद्यावरची काठी नि तिच्या दोन टोकांच्या टोपल्या. “अगं, ही आपली कावडच की!” म्हणाल्या. मग त्यांना ओळखीचे चेहरेच भेटत गेले म्हणा ना! गवती चहाच्या जुड्या, ओली हळद, फणस, केळफूल. केळफूल तिथं कच्चंच बारीक चिरून कोशिंबिरीत घालतात. काळं पडू नये म्हणून आपण ते ताकाच्या पाण्यात ठेवतो, त्या लिंबाच्या पाण्यात. आईंनी खुणांनी हे सगळं एका भाजीवालीकडून काढून घेतलं. मला तर भाषा येत असूनही शेजारणीकडून एवढं काढता येत नाही!

एका कावडवालीकडे सोयाबीनच्या दुधाचं दह्यासारखं मऊ, कोमट काहीतरी होतं, त्यावर आल्याचा पाक. आईंनी दोन वाट्या संपवल्या.

शाकाहारीला तिथं ‘चाय’ म्हणतात. त्यामुळे मी दिवसभर “चाय, चाय” करीत हिंडत होते आणि छोटू हसत होता.

दुपारी एका बाईच्या गाडीपुढे बुटक्या स्टुलांवर बसलो. ती बान्ह सेओ करीत होती. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. तव्यावर ओतलं की चर्र होतं, त्या आवाजावरूनच हे नाव. आपलं घावनच! एरवी त्यात कोळंबी नि डुकराचं मांस असतं. मी “चाय” म्हटल्यावर तिनं अळंबी आणि मोड आलेले मूग घातले. पुदिना, तुळशीसारखी पानं यांत घावनाचा तुकडा गुंडाळायचा आणि वाटीतल्या पातळ चटणीत बुडवायचा. “चटणी काय सुरेख गं! आंबटगोड,” आई म्हणाल्या.

मी घास तोंडाशी नेला आणि थबकले. लिंबू, साखर, लसूण, मिरची यांच्या खालून एक वास आला. माहेरी खाऱ्याच्या बरणीचं झाकण उघडल्यावर यायचा तसा. ते नुओक माम होतं: लहान मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेला रस. त्या बाईचा काय दोष? तिच्या लेखी ते मिठासारखंच.

ह्यांनी माझा चेहरा पाहिला आणि डोळ्यांनीच ‘गप्प बस’ म्हणून खुणावलं. बसलेही असते. पण खरं सांगू? बारा वर्षांनी जिभेवर आलेली ती चव मला आवडली होती. त्यामुळे गप्प राहणं चोरीसारखं वाटायला लागलं.

“आई, त्या चटणीत मासा आहे.”

त्यांनी पान खाली ठेवलं. चूळ भरली. माळेला हात लावला. बोलल्या मात्र नाहीत. त्या दिवशी चतुर्दशी होती. संध्याकाळी जुन्या गावातले विजेचे दिवे मालवले, नदीत कागदी दिवे सोडले, छोटू नाचत होता, आणि आई नुसत्या पाण्याकडे बघत होत्या.

रात्री अंधारात त्यांनी विचारलं, “तुला कशावरून कळलं?”

“वासावरून.”

“एवढ्या वर्षांनी?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ बौद्ध लोक मांसमासे वर्ज्य करतात, त्यामुळे ‘चाय’च्या खानावळींतून गर्दी. तुम्ही जाणार असाल, तर नुसतं ‘चाय’ म्हणून थांबू नका. नुओक माम नको, सोयाबीनचं नुओक तुओंग द्या, असं चटणीचंही सांगा. मी कागदावर लिहूनच घेतलं. आईंनी वाटीभर शेवया खाल्ल्या नि तोंड पुसत म्हणाल्या, “काल तुझं खाणं अर्धंच राहिलं. जा, खाऊन ये. मी छोटूला घेऊन बसते.”

मी बघतच राहिले. “जा म्हटलं ना!”

मी गेले. कोळंबीचं घावन मागितलं, चटणी दोनदा घेतली.

परत आले तर समोर कावडवाली उभी होती. “चूळ भरलीस का?” आईंनी विचारलं आणि आल्याच्या पाकाची वाटी माझ्यापुढे सरकवली.