पकडी निवडताना

आमच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या तळमजल्यावर लांबट खोली आहे. इतकी वर्षं तिथं मोडकी बाकं पडलेली असायची. आता तिथं चढाईची भिंत होते आहे. 12 फूट रुंद, 9 फूट उंच, 18 मिलिमीटरच्या प्लायची. दोन शीट सरळ उभ्या, तिसरी थोडी अंगावर झुकलेली, आणि खाली जाड गाद्या. एवढ्या उंचीला दोर बांधत नाहीत. पडलं तर गादीवर पडायचं, आणि कसं पडायचं ते चढण्याआधी शिकायचं.

भिंत उभी करायला सुतार आहे. तिच्यावर लावायच्या पकडी, ज्यांना चढणारे लोक होल्ड म्हणतात, त्या निवडायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात असताना मी पुण्याच्या एका गटाबरोबर सह्याद्रीत कातळावर चढायला जायची, आणि आमच्या जमातीत असं दुसरं कुणी सापडलं नाही, एवढीच माझी पात्रता.

काम ऐकायला किरकोळ वाटतं. रंगीत तुकडे निवडायचे, पैसे द्यायचे, झालं. पण या खोलीत आठवड्यातले तीन दिवस असर ते मगरीब ही वेळ मुलींसाठी ठेवली आहे, आणि ती सहज मिळालेली नाही. 'सहा महिने बघू, मुली आल्या तर ठीक' अशी ती मिळाली आहे. मुली पंधरा दिवसांत यायच्या बंद झाल्या तर ती वेळ मुलांना जाईल आणि पुन्हा कधी मिळणार नाही, हे मला, त्यांच्या आयांना आणि बैठकीत मान डोलावणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आता मुली टिकतील की नाही, हे भाषणांवर ठरत नाही. पहिल्या दिवशी हात वर केला आणि हाताला काय लागलं, यावर ठरतं.

खऱ्या कड्यावर निवड आपली नसते. आपल्याकडचा बेसॉल्ट आपल्याला हवं तिथं खोबणी देत नाही. कुठं धारदार कपार, कुठं हातात येणारा सुटा दगड. आपण त्याच्याशी जुळवून घेतो. भिंतीवर मात्र प्रत्येक खोबणी कुणीतरी ठरवून लावलेली असते. तिथं मुलीचा हात पोचला नाही तर दोष डोंगराचा नसतो, लावणाऱ्याचा असतो.

भिंतीवर चढायची कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शिक्षकानं 1964 साली एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले, ही तिची नेहमी सांगितली जाणारी सुरुवात. अमेरिकेत सिएटलला 1987 साली पहिली व्यावसायिक चढाईची जागा निघाली, तिथंही आधी दगडच चिकटवले होते. बोल्टनं लावायच्या आणि काढायच्या रेझिनच्या पकडी 1980 च्या दशकात युरोपात पसरल्या आणि सगळं बदललं. चिकटवलेला दगड कायमचा. बोल्टनं लावलेली पकड आज इथं, उद्या वीतभर खाली.

ही 'वीतभर खाली' गोष्ट आमच्या बैठकीत समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एका चाचांचं म्हणणं होतं, पैसे कशाला घालवता, डोंगर समोर आहे, दगड आणू, भोक पाडू, लावू. लीड्सचं ऐकून तर त्यांना जोरच चढला. पण दगडाच्या पोटात भेग असली तर बाहेरून दिसत नाही. भोक पाडताना ती वाढते, आणि एक दिवस तो किलो-दोन किलोचा दगड खाली उभ्या असलेल्या पोरीच्या डोक्यात येतो. चाचांनी मान्य केलं, पण खुशीनं नाही.

दुसरी सूचना अक्षरांची. लहान मुलांसाठी अक्षरांच्या आकाराचे होल्ड मिळतात, रंगीत, दिसायला सुंदर. शिक्षणसंस्था आहे, तेव्हा अक्षरं लावा, जमलं तर अलिफ-बे-तेसुद्धा बनवून घ्या. क्षणभर सगळे खूश. मग मागच्या बाजूनं एक आपा शांतपणे म्हणाल्या, ''पाय कुठं ठेवायचा?'' भिंतीवर हातानं धरलेली पकड दोन पावलांनंतर पायाखाली येते, चढणं म्हणजे तेच. अक्षरावर पाय? इंग्रजीच घेऊ, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर आपा म्हणाल्या, ''इंग्रजी असली तरी अक्षरंच ना.'' पुस्तकाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावणाऱ्या आपल्या घरांत हा प्रश्न तिथंच संपतो. माझं मत विचाराल तर अक्षरं नकोतच होती. ती बघायला छान आणि धरायला बेकार असतात.

आता धरायला काय चांगलं? सगळ्यात सोपी पकड म्हणजे जग. सगळी बोटं आत जातात, कडा आतल्या बाजूला वळलेली असते, तांब्याचा काठ धरावा तसं धरता येतं. क्रिंप म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कड. स्लोपरला कडाच नाही, गोल घसरता उतार, तळव्याच्या घर्षणावर टिकायचं. पिंच चिमटीत धरायची, अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे. पॉकेट म्हणजे एक-दोन बोटं जातील असं भोक.

विकणारे या सगळ्यांचा मिसळ संच देतात, म्हणजे गिऱ्हाइकाला विचार करावा लागत नाही. मी तो घेतला नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुली अकरा ते सोळा वर्षांच्या. या वयात बोटांची हाडं वाढत असतात आणि बारीक कडांवर सतत लटकल्यानं नेमकी वाढीच्या जागी दुखापत होते. म्हणून अगदी बारीक क्रिंप आणि एका बोटाची पॉकेट यादीतून बाद. रुंद पिंचही बाद. मोठ्या माणसाच्या पंज्याला ती पिंच असते, लहान हाताला ती नुसती भिंत. स्लोपर दोनच घेतले, कारण आमच्याकडे पावसाळ्यात वहीची पानंसुद्धा ओलसर लागतात आणि घामेजल्या हाताला स्लोपर म्हणजे साबण. उरलं काय? जग आणि बोटांची दोन पेरं बसतील अशा मध्यम कडा. निम्म्याहून जास्त पकडी त्याच.

''मग ते फार सोपं होईल,'' असं संस्थेतला एक व्यायामवाला मुलगा म्हणाला. त्याला अवघड हवं होतं, त्याचं वय तेच आहे. मी त्याला म्हटलं, मोठा जग झुकलेल्या शीटवर लाव आणि पायाला बारीक दे, मग बघ सोपं आहे का. अवघडपणा पकडीतच असतो असं नाही. दोन पकडींतलं अंतर, पाय कुठं आहे, शरीर कुठं वळतं, यात तो जास्त असतो. पण बारीक पकडी घेऊन ठेवल्या तर त्यांतून सोपा मार्ग कधीच निघत नाही.

पायांचं सगळे विसरतात. नवीन भिंत बघा, हातांसाठी ढीगभर आणि पायांसाठी काही नाही. उंच माणसाचं भागतं, तो लांबचा पाय घेतो. पावणेपाच फुटी मुलीला दोन टप्प्यांच्या मध्ये एक पायरी लागते, ती नसेल तर ती हातांवर ओढत राहते आणि दहा मिनिटांत तिचे हात संपतात. म्हणून पायांच्या छोट्या पकडी मी 60 घेतल्या. बोल्टच्या नाही, दोन लाकडी स्क्रूंनी बसणाऱ्या. बोल्टसाठी प्लायमध्ये आधी भोकं पाडून मागून टी-नट ठोकावे लागतात. आमच्या भिंतीला वीस-वीस सेंटिमीटरवर मिळून 200 हून जास्त आहेत, पण पकड त्या भोकांवरच बसते. स्क्रूवाली कुठंही बसते, जिथं मुलीचा पाय जातो तिथं.

माल बघताना मी काय पाहिलं तेही सांगते, कुणाला उपयोग होईल. पॉलिस्टर रेझिनची पकड जड आणि ठिसूळ, बोल्ट जास्त आवळला की कड उडते. पॉलियुरेथेनची हलकी, किंचित लवते, जास्त टिकते आणि महाग पडते. मोठ्या पकडी पॉलियुरेथेनच्या घेतल्या, कारण पडल्या तर त्याच लागतील. पाठ सपाट हवी, नाहीतर पकड भिंतीवर डुगडुगते. बोल्टच्या भोकात पोलादी वॉशर बसवलेला हवा. बोल्ट आपल्याकडे 10 मिलिमीटरचा. अमेरिकन माल तीन-अष्टमांश इंचाचा असतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आटे जुळत नाहीत. आणि मोठ्या पकडीला बाजूला एक छोट्या स्क्रूचं भोक हवंच. एका बोल्टवरची पकड एका बाजूनं ओढली की फिरते. अंग टाकल्यावर पकड फिरली की काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. नवी मुलगी एकदा तशी पडली तर पुन्हा येत नाही.

पृष्ठभागही बघायचा. काही पकडी पॉलिश कागदासारख्या खरखरीत असतात. त्या चांगल्या धरतात, पण पहिल्याच दिवशी बोटांची सालटं काढतात, आणि घरी गेल्यावर अम्मीनं हात बघितला की संपलं. म्हणून वीस पकडी सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांच्या करून घेतल्या. कडा गोल, कानसलेल्या, पॉलिश अजिबात नाही. लाकूड कातडीला माया करतं.

ओढणीचा प्रश्न निघणारच होता. माझं उत्तर साधं आहे: सैल टोक नको आणि टाचणी तर नकोच. टोक पकडीत अडकतं, टाचणी पडताना टोचते. अंगठ्या काढून ठेवायच्या. स्कार्फ घट्ट, टोकं सदऱ्यात खोचलेली. तो बांधायचा की नाही, हे त्या तीन दिवसांत तिथं कुणी विचारणार नाही, एवढं मी लिहून घेतलं आहे. इंडोनेशियाची आरीस सुसांती रहायू 2019 साली चीनमध्ये शियामेनला स्कार्फ बांधून 15 मीटरची भिंत 6.995 सेकंदांत चढली. सात सेकंदांच्या आत येणारी ती पहिली बाई. इराणची एल्नाझ रेकाबी 2022 साली सोलच्या आशियाई स्पर्धेत स्कार्फशिवाय चढली, आणि पुढं काय झालं ते जगानं पाहिलं. मला वाटतं, दोघींच्या डोक्यांबद्दल जेवढं बोललं गेलं त्याच्या पावपटही त्यांच्या बोटांबद्दल बोललं गेलं नाही.

रहायूच्या वेगाच्या भिंतीबद्दल एक गंमत मुलींना सांगितली ती त्यांना फार आवडली. ती भिंत जगात सगळीकडे एकच असते. हाताच्या 20 पकडी, पायाच्या 11, आकार फक्त दोन, जागा ठरलेल्या. जकार्तात असो की पॅरिसमध्ये. ''म्हणजे पेपर आधीच फुटलेला,'' माझी भाची म्हणाली. हो, फुटलेला, आणि तरी सोडवता येत नाही.

आमच्या भिंतीचा पेपर मात्र रोज नवा काढायचा आहे, आणि तो कोण काढणार यावर अजून चर्चा चालू आहे. व्यायामवाला मुलगा तयार आहे, चांगला आहे, पण पावणेसहा फूट आहे. तो जे अंतर 'जवळच' म्हणतो ते मुलींना उडी मारून घ्यावं लागेल. मी सध्या दोन मोठ्या मुलींना बोल्ट लावायला शिकवते आहे. एक लावते, दुसरी, जी बुटकी आहे, ती चढून बघते आणि ''खाली घे'' म्हणते.

माल परवा आला. 8 मिलिमीटरच्या अ‍ॅलन की तीन मागवल्या होत्या. एक संस्थेच्या कार्यालयात दिली, दोन मुलींकडे आहेत.