सोडलेले हक्क, उरलेली चूक

जुन्या फाँटांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली आम्ही दोघा प्राध्यापकांनी लिहिली आणि तळाशी मोठ्या औदार्याने नोंदवले: 'सर्व हक्क सोडले आहेत.' भारतीय कायदा आज्ञावलीला वाङ्मयीन कृतीच मानतो. १९५७च्या कायद्याचे २१वे कलम लेखकाला जाहीर सूचनेने स्वामित्वहक्क सोडू देते. परंतु जर्मनीत शिकणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने कळवले, की तिथे हा हक्क लेखकाला हयातीत टाकताच येत नाही; वापराची परवानगी तेवढी देता येते. २००९ सालचा 'सीसी झीरो' म्हणूनच आधी हक्क सोडतो आणि जिथे ते अमान्य ठरेल तिथे बिनशर्त परवानगी देतो. आम्ही तो स्वीकारला.

उरला प्रश्न दायित्वाचा. 'कोणतीही हमी नाही' असे सारेच लिहितात. हेतुपुरस्सर केलेल्या हानीची जबाबदारी मात्र जर्मन कायदा आगाऊ झटकू देत नाही. आमचा हेतू निर्मळ होता. तरीही एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातले सारे रफार गळाले, 'अर्थ'चा 'अथ' झाला. कायद्याने आम्हांस कोणी जाब विचारला नसता. आम्ही तिच्यासोबत बसून पाने तपासली, आज्ञावली दुरुस्त केली आणि तळाशी आमची नावे राहू दिली.