वर्गणीतला गंधर्व

एशियास्टार हा उपग्रह 21 मार्च 2000 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूच्या तळावरून वर गेला आणि विषुववृत्तावर, जवळपास सिंगापूरच्या माथ्यावर, ठाण मांडून बसला. बंगळूरहून ती जागा आग्नेयेकडे येते, चांगली मान वर करून पाहावं अशी. इथल्या काही घरांना ती दिशा देवघराच्या दिशेइतकी पाठ होती. त्या बाजूला तोंड करून खिडकीत ठेवलेल्या, वहीएवढ्या चपट्या अँटेनेतून घरात ‘गंधर्व’ यायचा.

वर्ल्डस्पेस हे कंपनीचं नाव. नोआ समारा हा इथिओपियात जन्मलेला वकील तिचा संस्थापक. आफ्रिकेत एड्स पसरत असताना खेड्यापाड्यांपर्यंत माहिती पोचतच नाही, या तळमळीतून 1990मध्ये त्यानं ती काढली. आधी आफ्रिकेसाठी अफ्रिस्टार, मग आपल्यासाठी एशियास्टार. भारतातला कारभार बंगळूरहून चालायचा, आणि रेडिओसंचही पुढे इथल्याच बीपीएलनं बनवले. चाळीसच्या आसपास वाहिन्या होत्या: जुन्या हिंदी गाण्यांची ‘फरिश्ता’, कन्नडची ‘स्पर्श’, कर्नाटक संगीताची ‘श्रुती’ आणि हिंदुस्थानी रागसंगीताची ‘गंधर्व’. बाकीच्यांबद्दल इतरांनी लिहावं. माझा जीव ‘गंधर्व’वर जडला होता.

अँटेना लावणं हे एक कामच असे. एकानं खिडकीशी उभं राहून ती तसूतसूनं फिरवायची, दुसऱ्यानं संचाच्या इवल्याशा पडद्यावरच्या रेघा मोजत ओरडायचं, ‘थोडं डावीकडे, बास, बास, आता हात काढ.’ साध्या रेडिओला खरखर असते, तिच्यातून स्वर शोधता येतो. इथं ती सोय नव्हती. स्वर आला तर काचेसारखा स्वच्छ, नाहीतर एकदम शांतता. आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत पावसाळ्यात रेन ट्रीची फांदी जरा खाली लवली की विलंबितातली एखादी आवर्तनं हवेतच राहायची. तबला समेवर यायच्या आत सगळं गप्प, आणि परत सूर लागेपर्यंत मधलं काय झालं ते आपण मनानं भरून काढायचं. पुढं शेजारच्या बंगल्याच्या जागी पाच मजले चढले तेव्हा आमची अँटेना लांब वायर घेऊन गच्चीवर गेली, पाण्याच्या टाकीशेजारी.

‘गंधर्व’चा खरा मोठेपणा वेळेत होता. सकाळी तोडी, भैरव. दुपारी सारंगाचे प्रकार. उन्हं उतरताना मुलतानी, मग मारवा. रात्री बागेश्री, आणि त्याहून उशिरा मालकंस, दरबारी. 2001च्या जुलैत देशातलं पहिलं खासगी एफएम, रेडिओ सिटी, याच शहरात सुरू झालं. त्यामागून इतर आली, आणि टॅक्सीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत तीच चित्रपटगीतं वाजू लागली. त्या गलबल्यात, इलेक्ट्रॉनिक सिटीहून घरी येऊन दिवा लावण्याआधी बटण दाबावं आणि दिवसाची नेमकी कुठली घटका चालली आहे ते आधी कानाला कळावं, ही चैन मला दुसऱ्या कुणी दिली नाही. राग पुरा व्हायचा. मध्ये साबणाची जाहिरात यायची नाही, कारण वाहिनीचे पैसे आपण वर्षाच्या वर्गणीत आधीच भरलेले असायचे. कुणीतरी ध्वनिमुद्रिकांच्या कपाटापुढं उभं राहून, आज या वेळेला मल्लिकार्जुन मन्सूरांचं काय लावावं, याचा विचार केला आहे हे जाणवायचं. मन्सूरांचा एखादा अनवट राग तुम्ही यादीत शोधून कसा ऐकणार? तो मुळात असतो हेच ठाऊक नसतं. तो कुणीतरी आपल्यापुढं ठेवावा लागतो.

घराच्या मालकीणबाईंना आम्ही अम्मा म्हणायचो. त्यांची वाहिनी ‘श्रुती’. वेळीअवेळी त्या जिना चढून यायच्या, हातात डबरा-लोटा, त्यात फिल्टर कॉफी. ‘गंधर्व’वर मालकंस चालू असला की त्या दारातच थांबून म्हणत, ‘हा तर आमचा हिंदोळम्!’ भूप लागला की मोहनम्, भैरव लागला की मायामाळवगौळ. शेवटचं नाव त्या नेहमी जरा अभिमानानं उच्चारायच्या, कारण त्यांच्याकडची प्रत्येक मुलगी गाणं शिकायला बसते ती याच रागात. मग बटण दाबून ‘श्रुती’ लावायची, तिथला राग ऐकायचा आणि आपल्याकडं त्याला काय म्हणतात त्यावर वाद घालायचा. मला कर्नाटक संगीताची गोडी या जिन्यावरच्या वादांतून लागली.

एरवीही आपण ज्याला मराठी कान म्हणतो तो कर्नाटकानंच घडवला आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारात जात, तिथलं ऐकत. कर्नाटकी चिजांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. पुण्यात बसून ऐकताना हा सगळा प्रवास आपल्याच अंगणातला वाटतो. बंगळूरला, एका बटणाच्या अंतरावर दोन्ही पद्धती असताना, तो किती लांबून आणि कुणाकुणाच्या ओसरीवरून आला ते उमगायचं.

वर्ल्डस्पेसच्या पडझडीचं कारण गाण्यात नव्हतं, म्हणून ते जास्त लागतं. ऑगस्ट 2005मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरली, 2006मध्ये ए. आर. रहमान जाहिरातींत दिसू लागले, आणि तरीही जगभरचे वर्गणीदार पावणेदोन लाखांच्या पुढं फारसे सरकले नाहीत. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात. पावणेदोन लाख! रागसंगीतासारख्या कलेला हा श्रोता म्हणजे केवढं भाग्य. पण आकाशात दोन उपग्रह ठेवणाऱ्याला तो चिमूटभरच. गाडीत ऐकायचं तर शहरात जमिनीवर पुनर्प्रक्षेपणाचे मनोरे हवे होते. त्याचा परवाना इथं मिळाला नाही आणि श्रोता खिडकीशी बांधलेलाच राहिला. 17 ऑक्टोबर 2008ला कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा देणी दोन अब्ज डॉलरच्या वर होती. आपल्या साऱ्या वर्गण्या मिळून त्या डोंगराचा एक दगडही हलला नसता.

2009च्या जुलैत, पाच दिवसांच्या अंतरानं, दोन मोठे आवाज गेले. 16 तारखेला कर्नाटक संगीतातल्या डी. के. पट्टम्माळ, 21ला गंगूबाई. अम्मा आणि मी त्या आठवड्यात फारसं बोललोच नाही, आळीपाळीनं बटण दाबत बसलो. डिसेंबरात कळलं की भारतातली सेवा 31 तारखेला बंद होणार. पुढच्या महिन्यांची वर्गणी भरून बसलेले लोक हळहळले, चिडले, आणि ते रास्तच होतं. मला मात्र पैशाहून अधिक त्या बंगळूरच्या कचेरीतली माणसं डोळ्यांपुढं येत होती, ज्यांनी वर्षानुवर्षं प्रहर सांभाळले होते. ती निवड, तो क्रम, कुठल्या तोडीनंतर कुठली तोडी हा सगळा हिशेब कुणाच्या वहीत राहिला असेल?

त्यानंतर मी एका गोष्टीकडं सारखा वळतो. चामराजपेठेत श्री रामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव 1939पासून चालू आहे, फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर, मांडवात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953पासून. दोन्हींना तिकिटं आहेत, देणगीदार आहेत, आणि त्यांनी आपला खर्च ऐकणाऱ्यांच्या हिशेबात ठेवला आहे. मांडव माणसं किती येणार ते पाहून घालतात. वर्ल्डस्पेसनं आधी आकाशाएवढा मांडव घातला आणि मग माणसं मोजली. कर्जाशिवायचं, साधं काही असतं तर त्याच पावणेदोन लाखांतल्या निम्म्यांनीही ‘गंधर्व’ आनंदानं पोसला असता, असं मला मनापासून वाटतं.

सरकारी आकाशवाणीला अशी वाहिनी चालवणं परवडतं, कारण तिला बाजारात उतरायचं नसतं. तिची ‘अमृतवर्षिणी’ ही शास्त्रीय संगीताची एफएम वाहिनी बंगळूरची, 100.1वर. आणि 26 जानेवारी 2016ला चोवीस तासांची ‘रागम्’ इथूनच सुरू झाली, डीटीएचवर आणि मोबाइलवर, हिंदुस्थानी आणि कर्नाटक एकत्र. आकाशवाणीच्या संग्रहात जे आहे ते कुठल्याच कंपनीकडं कधी नव्हतं. तिथं हवा आहे तो रात्री दीडला जागून पुढचा राग ठरवणारा माणूस, आणि त्याला पुरेसा पगार. अम्मांच्या सुनेनं ‘रागम्’ फोनवर घेतलं आहे. हिंदोळम् की मालकंस हा वाद तिथं आता एकाच वाहिनीवर चालतो, आणि माझी बाजू मांडायला मी अजून जातो.