उत्तर तेवढं नोंदलं जातं

तालुक्याच्या वकील संघटनेचा सेक्रेटरी वर्षभर करतो काय? ठराव लिहितो. २०२४ सालचं आमचं प्रोसिडिंग बुक उघडलं तर पानोपानी माझंच अक्षर दिसेल. जानेवारीत राहुरीला वकील दाम्पत्याचा खून झाला. त्याच्या निषेधाचा ठराव, पाठोपाठ वकील संरक्षण कायद्याच्या मागणीचा. वकिलांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात २००२ सालीच बजावलंय, त्यामुळे कामापासून दूर राहण्याचा ठराव लिहिताना पेन जपून चालवावं लागतं. ते मला जमतं. १ जुलैला नवे फौजदारी कायदे आले, व्याख्यान झालं, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता बाररूमच्या भिंतीवर लागला. ४२० जाऊन ३१८ आलं, ३०२ जाऊन १०३. चेकचं १३८ तेवढं शाबूत राहिलं. हमरापूर-जोह्याकडच्या गणपती कारखानदारांचे पैसे व्यापाऱ्यांकडे अडकतात तोवर त्या कलमाला आमच्याकडे मरण नाही. त्या व्याख्यानाचं इतिवृत्त, आभार, चहापानाचा खर्च, सगळं जमतं.

शोकठराव जमत नाही. म्हणजे लोक म्हणतात जमतो. माणगाव-अलिबागकडूनही फोन येतात, ‘तुमच्या भाषेत चार ओळी द्या ना.’ आणि मी आढेवेढे घेत देतो. न मागितल्या तर मनात धरतो. ‘मनमिळाऊ, अभ्यासू, कनिष्ठांचे मार्गदर्शक, भरून न येणारी पोकळी’ या मजकुराचा मला वीट आहे, आणि माझ्या ठरावात तो नसतो याचा मला नको तितका अभिमान आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यात रोह्याचे एक ज्येष्ठ वकील गेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पेण कोर्टात ते बहुतेक माझ्याविरुद्धच उभे असायचे. रोहेकरांना आपल्या बारचा अभिमान अंमळ जास्तच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे वकिलाचे चिरंजीव, हे ते कुठल्याही समारंभात आणतात. आम्हा पेणकरांकडे गागोद्याचे विनोबा आहेत, पण कोर्टाची पायरी चढू नका म्हणणाऱ्या माणसाचा अभिमान वकिलाने मिरवायचा कसा? असो. काकांच्या बाबतीत मात्र रोहेकरांचा तोरा खरा होता. अख्ख्या जिल्ह्यात तसा उलटतपास कोणी घेत नसे.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. चित्रकार गेला की चित्रं राहतात. उलटतपास घेणाऱ्याचं काय राहतं? आपल्याकडे जबानी सलग निवेदनासारखी लिहिली जाते. वकील विचारतो, साक्षीदार सांगतो, न्यायाधीश दोन्हीचं मिळून एक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. प्रश्न कागदावर येतच नाही. विशिष्ट प्रश्न जसाच्या तसा नोंदवण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, ऑर्डर १८ नियम १०. पण ती वापरायची म्हणजे कोर्टाला थांबवायचं, आणि काका कोर्टाला कधी थांबवत नसत. त्यांची सगळी कारागिरी प्रश्नात. प्रश्न विरून गेले, साक्षीदारांची उत्तरं तेवढी उरली.

फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं करते, कलम १०५. पोलिसाने कपाट उघडल्याचं चित्रण होणार आणि वकिलाने तोंड उघडल्याची नोंद नाही!

मी रेकॉर्डमधून जुन्या दाव्यांच्या नकला काढल्या. ठराव चार ओळींचा, पण मी कित्येक संध्याकाळी जबान्या वाचत बसलो. माझ्या उलटतपासाची पानंच्या पानं : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी दावा मिळकतीत कधीच वहिवाट केलेली नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटे सांगत आहे.’ काकांच्या जेमतेम सहा-सात ओळी आणि खाली, ‘पुढील उलटतपास नाही.’ कोणी परक्याने या नकला वाचल्या तर त्याला मी काकांपेक्षा मोठा, मेहनती वकील वाटेन. खोटं कशाला बोलू, ते वाचताना क्षणभर मला बरंही वाटलं.

त्यातल्या एका जबानीपाशी मी पुन्हापुन्हा जात राहिलो. दावा खारेपाटातल्या जमिनीचा, मनाई हुकमाचा. प्रश्न एवढाच की कब्जा कोणाचा. वादीने सातबाऱ्याचे उतारे, पावत्या, सगळी चळत लावली होती. वादीचा वकील मीच. काकांच्या उलटतपासाच्या शेवटी एवढंच नोंदलंय : ‘खांड गेली त्या रात्री मी मुंबईस होतो. बांध घालण्यास कोण गेले हे मला सांगता येणार नाही.’ ज्याने खारेपाट पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. उधाणाला बांधाला खांड पडली की रात्रीतच ती बांधावी लागते, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढे काही वर्षं भात नाही. जो कसतो तो चिखलात उतरतो. माझी चळत तिथे बुडाली. मग काका खाली बसले. ‘म्हणजे जमीन तुम्ही कसत नव्हता ना?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर वादी म्हणाला असता, ‘माझा गडी गेला होता.’ विचारलेल्या प्रश्नांचीही जिथे नोंद नाही, तिथे न विचारलेल्याची कुठून असणार?

आता मुलं फोनवर लिहून आणलेले प्रश्न वाचतात, आणि साक्षीदाराचं उत्तर येईपर्यंत मान खाली घालून पुढचा प्रश्न शोधतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. २००२ पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर आला. साक्षीदार काय बोलणार ते आम्हीच ऑफिसात लिहितो, त्यामुळे माणूस कसा बोलतो, कुठे अडखळतो हे ऐकायची सवयच मोडली. पनवेलकडचे आमचे काही मित्र तर साक्षीदाराला प्रथम पाहतात ते पिंजऱ्यात. हे मी बाररूममध्ये मोठ्याने बोलतो आणि तिथे मला दुष्मन कमी नाहीत.

तर काकांचा तो प्रश्न नेमका काय होता? मला आठवतो तो असा : ‘खांड गेली त्या रात्री तुमच्या घरचा कंदील कोणाच्या हातात होता?’ त्या दिवशी कोर्टात असलेल्या रोह्याच्या एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, कंदील वगैरे काही नव्हतं, काकांनी साधं विचारलं, ‘त्या रात्री तुम्ही कुठे होता?’ काकांच्या जुन्या कारकुनाच्या मते प्रश्न न्यायाधीशांनीच विचारला. ही गोष्ट मी इतक्या चहांबरोबर सांगितली आहे की तिच्यात काकांचं किती आणि माझं किती, हे मलाही सोडवता येत नाही.

ठरावात मी कंदिलाचा प्रश्न अवतरणचिन्हांत घातला. शोकसभेत वाचला तेव्हा रोह्याहून आलेली मंडळी हलली, दोघांनी प्रत मागितली. अनुमोदनाची सही करताना माझी ज्युनिअर हळूच म्हणाली, “सर, काकांना मी दोन-तीनदाच ऐकलं, पण हा प्रश्न त्यांचा वाटत नाही. फार सजवलेला आहे. तुमचा वाटतो.”

खोडायला वेळ होता, पुस्तक माझ्याच हातात होतं. मी खोडलं नाही. उलट प्रत देताना ते वाक्य ठळक टाइपात घेतलं.